स्टाफला तास नसतात

निकुंभकाकांच्या टेबलावरचा फोन वाजला की ते आधी उभे राहत आणि मग तो उचलत. पलीकडून मिलचे शेठ बोलत असोत की गेटवरचा वॉचमन, उभं राहणं ठरलेलं. वॉचमन असला तर बोलता बोलता खाली बसत, शेठ असले तर फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तसेच उभे. सुरतमध्ये, पांडेसऱ्याच्या त्या कापड मिलमध्ये, टाइम ऑफिसच्या खोलीत, त्यांच्या समोरच्या टेबलावर मी पगाराचं काम करत असे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांना कंबरेचा काही त्रास असेल, उठल्याने बरं वाटत असेल. मग कळलं की त्रास कंबरेचा नाही, भीतीचा आहे.

पूर्ण नाव मधुकर निकुंभ. मूळचे अमळनेरकडचे, राहायला बमरोलीत. मिलमधले खान्देशी कामगार त्यांना अप्पा म्हणत, गुजराती मंडळी निकुंभभाई म्हणत आणि मी काका. मला ते एकांतात वैशालीताई म्हणत, पण छोटे शेठ, म्हणजे शेठचा मुलगा, आसपास दिसला की मी तत्काळ वैशालीबेन होई. दोन माणसं मराठीत बोलताना दिसली तर काहीतरी शिजतंय असं वाटेल, असं त्यांचं म्हणणं.

"मग तुम्ही शिजवताय तरी काय?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही. म्हणूनच तर भीती वाटते," ते म्हणाले.

कशाकशाला घाबरत म्हणून सांगू? लिफ्टला, कुत्र्यांना, वाफेच्या आवाजाला, कोऱ्या कागदावर सही करायला आणि सही केलेल्या कागदाला. कोणी नुसतं "काका, जरा बाहेर येता का" म्हटलं तरी चेहरा उतरायचा. खिशात ओव्याची पुडी असे. मनावर ताण आला की ओवा तोंडात टाकत, त्यामुळे खोलीला ओव्याचा वास लागला की बाहेर काहीतरी झालंय हे मला न सांगता कळे. दुसरी खूण म्हणजे त्यांची भाषा. साधारण बरं चाललेलं असताना ते शेठ लोकांशी छान गुजराती बोलत. थोडी धाकधूक झाली की हिंदीवर येत, जास्त झाली की मराठीवर, आणि अगदीच हातपाय गळाले की सरळ अहिराणी. रंगखात्यातले महाजन सुपरवायझर आमच्या खोलीत डोकावून मला विचारत, "काय वैशालीबेन, आज काका कुठपर्यंत उतरलेत?" मी म्हणे, "हिंदीपर्यंत." मग महाजन निवांत चहा प्यायला बसत.

या भीतीला कारण होतं. काका आधी ज्या मिलमध्ये होते ती एके सकाळी बंदच सापडली होती. नेहमीसारखा डबा घेऊन गेले, तर गेटला कुलूप. पुढे बराच काळ घरी बसून काढावा लागला आणि शोभाकाकूंनी साड्यांना खडे चिकटवून घर चालवलं. आमच्या मिलमध्ये लागले तेव्हा त्यांचं वय असं होतं की ही सुटली तर तिसरी मिळणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि छोट्या शेठनाही. काकू सांगत, अजूनही मिल जवळ आली की हे आधी लांबून गेट उघडं आहे का पाहतात आणि मग पाऊल उचलतात.

आता त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिलमध्ये दोन जाती. कामगार आणि स्टाफ. कामगाराने येताना-जाताना मशीनवर अंगठा ठेवायचा, जास्त तास भरले तर ओव्हरटाइम घ्यायचा. सुपरवायझर, इंजिनियर, ऑफिसवाले म्हणजे स्टाफ. स्टाफला अंगठा नाही आणि ओव्हरटाइमही नाही. महिन्याचा पगार ठरलेला, मग दिवसाचे कितीही तास जावोत. कोणी कामगाराचा सुपरवायझर झाला की पेढे घेऊन येई. काका पेढा घेत, कपाळाला लावत आणि त्या बिचाऱ्याला समोर बसवून हळू आवाजात सांगत, "भाऊ, एक समजून घे. आजपासून तुला तास नाहीत. स्टाफला तास नसतात." तो हसे. त्याला ती मोठेपणाची गोष्ट वाटे. दिवाळीचा सीझन आला, घरी जायला रोज काळोख पडू लागला, की मग तो परत काकांसमोर येऊन बसे आणि विचारे, "अप्पा, काहीच नाही का हो?"

एकच होतं. सी-ऑफ. स्टाफच्या माणसाने रविवारी, मिल बंद असताना, दुरुस्तीच्या किंवा अडल्या कामाला ड्युटी केली तर त्याला बदल्यात एक सुट्टी मिळे. तिला वरची सही लागत नसे. बाकी रजा मागायला छोट्या शेठपुढे उभं राहावं लागे आणि सीझनमध्ये ते मान वर न करताच नाही म्हणत. सी-ऑफ मात्र हक्काची. टाइम ऑफिसने नोंद केली की झालं. पण दोन महिन्यांत घेतली नाही तर ती बुडे. आणि ज्यांना रविवारी सारखं बोलावलं जाई, त्यांनाच आठवड्यात सोडायला कोणी तयार नसे, त्यामुळे सगळ्यांच्या सुट्ट्या बुडत. मिलमध्ये लोक एकमेकांना "कसा आहेस" असं विचारत नसत, "किती बुडाल्या" असं विचारत.

स्टाफ रविवारी अंगठा लावत नसल्याने कोण ड्युटीवर आहे हे कळायचा मार्ग एकच. शनिवारी संध्याकाळी काका नावांची एक चिठ्ठी लिहून गेटवर देत. रविवारी गेटवाला त्याच चिठ्ठीवरून माणसं आत घेई, आणि सोमवारी त्याच नावांना काका सी-ऑफ जमा करत.

रविवारांची उसनवारी कशी सुरू झाली ते मी स्वतः पाहिलेलं आहे. छपाई खात्यातल्या सोनवणेंचे वडील गावी वारले. अंत्यविधीपुरती कशीबशी रजा मिळाली, पण दहाव्याला जायला सुट्टी उरली नव्हती. दुरुस्ती खात्यातला देवरे, तरुण इंजिनियर, स्वतःच्या खात्यावर सी-ऑफ असलेला, काकांना म्हणाला, "माझी त्यांना द्या ना." काका म्हणाले, सी-ऑफ दुसऱ्याला देता येत नाही, नियम आहे. त्यावर देवरे म्हणाला, "मग या रविवारी मी येतो, पण चिठ्ठीत नाव त्यांचं लिहा. म्हणजे सुट्टी त्यांचीच झाली."

काकांनी ओव्याची अख्खी पुडी संपवली. दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. शनिवारी चिठ्ठी लिहायला बसले आणि मला म्हणाले, "वैशालीताई, तुम्ही जरा चहाचं सांगून येता का?" मी आले तेव्हा चिठ्ठी गेटवर पोचली होती आणि काका खिडकीपाशी कपाळाचा घाम पुसत उभे होते. सोनवणे दहाव्याला जाऊन आले.

मग काय, कानोकान झालंच. एकाची बहीण भेटायला येते, एकाच्या मुलाची परीक्षा, एकाला नुसतंच झोपायचं असतं. शेजारणी वाटीभर साखर उसनी घेतात तसे आमच्या मिलमधले सुपरवायझर रविवार उसने घेऊ लागले. काका प्रत्येक वेळी आधी नाही म्हणत, मग रात्रभर तळमळत आणि मग लिहीत. आणि गेटवर चिठ्ठी वाचताना जो हजर नसे त्याच्या नावाला दुसरा कोणीतरी मागून "हजर" असं ओरडून देई. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण काही चुकीचं करतोय असं कोणाला वाटेनासं झालं. काकांना सोडून. त्यांना मी एकदा म्हटलं, "एवढं भ्यायचं तर लिहिता कशाला?"

"नाही म्हणायची पण भीती वाटते ना," ते म्हणाले. "समोर माणूस उभा असतो."

एका रविवारी छोटे शेठ अचानक मिलमध्ये आले. चिठ्ठी पाहून म्हणाले, महाजनला बोलवा. महाजन त्या वेळी सासुरवाडीला बारडोलीत होते आणि त्यांच्या नावावर दुसराच कोणी ड्युटी करत होता. काका हिंदीतून म्हणाले की महाजन मशीनवर आहे, हात रंगात आहेत. छोट्या शेठनी स्वतःच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. महाजनांनी बेधडक सांगितलं, "हां साहेब, मशीन पर ज छूं." आणि मागे उसाच्या चरख्याचे घुंगरू छनछन वाजत होते.

"आ घूघरा शेना वागे छे?" छोट्या शेठनी विचारलं.

महाजन म्हणाले, "साहेब, चेन ढीली छे. आजे ज रिपेर करावीए छीए."

आम्ही नंतर हे आठवून पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. छोटे शेठही हसले नव्हते. त्यांनी फोन बंद केला, काकांकडे बराच वेळ पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफला बोलावून अगदी शांतपणे सांगितलं की यापुढे रविवारच्या चिठ्ठीत एक जरी खोटं नाव सापडलं तर लिहिणाऱ्याची नोकरी जाईल, आणि त्याला पोलिसांतही दिलं जाईल. हे बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून उसनवारी बंद झाली. काका फार बारीक झाले. गेटवरून गाडीचा हॉर्न ऐकू आला तरी पेन खाली ठेवत. "पोलिस म्हणजे नेमकं कुठे नेतात हो?" असं त्यांनी मला एकदा डबा खाताना विचारलं. मी म्हटलं, काका, जेवा. त्यांनी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला होता. मला त्यांची दया आली आणि, खरं सांगते, थोडी भीतीही वाटली. एका माणसाची भीती दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. मी पण गाड्यांचे हॉर्न ऐकू लागले.

आणि मग सोनवणेंच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. धुळ्याला, सोमवारी. पोटात गाठ होती, डॉक्टर थांबायला तयार नव्हते. सोनवणेंनी छोट्या शेठकडे रजा मागितली. सीझन ऐन भरात होता. ते म्हणाले, भाऊबंद असतील ना कोणी. सोनवणे आमच्या खोलीत येऊन काकांसमोर बसले.  शुक्रवारी ते तसे बसले, शनिवारी सकाळी परत येऊन तसेच बसले. दुपारी काका मला म्हणाले, "वैशालीताई, चहाचं सांगता का?"

मी उठले. दारातून मागे पाहिलं तर त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला होता आणि लिहित्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं. 

रविवारी मीही ड्युटीवर होते. महिन्याचे पगार अडले होते. काका आले होते. चिठ्ठी लिहिल्यावर ते रविवारी घरी थांबूच शकत नसत. आज चिठ्ठीत कोण कोणाच्या जागी आहे, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पूर्वी निदान दोघा-चौघांना माहीत असे. छोट्या शेठच्या त्या तंबीनंतर त्यांना भिंतींचीही भीती वाटत होती. सकाळपासून ओव्याचा वास होता. मी मनात म्हटलं, आज दिवस नीट जाऊ दे.

दुपारी जेवणाच्या सुमाराला सायरन वाजला.

कापड ताणून सुकवणारं स्टेंटर नावाचं लांबलचक मशीन असतं. त्याच्या धुराड्यांत तेल आणि कापडाचा पिंजलेला कचरा साठतो, तो साफ करायचं काम त्या दिवशी चालू होतं. त्याने पेट घेतला. आम्ही बाहेर आलो तेव्हा पत्र्याखालून काळा, तेलकट धूर निघत होता, तोंडात चव यावी इतका जाड. कोणी खोकत होतं, कोणी नावं घेऊन हाका मारत होतं. आग लागली की सगळ्यांनी वजनकाट्यापाशी जमायचं अशी पद्धत होती, तसे सगळे जमलो. छोटे शेठ जवळच कुठेतरी होते, ते लगेच पोचले. अंगठा लावून आलेले साफसफाईचे कामगार मोजून झाले. ते सगळे जेवायला बाहेरच बसले होते. मग गेटवाल्याने स्टाफची चिठ्ठी काढली आणि नावं वाचायला लागला.

माझं नाव आलं, मी हात वर केला. काकांचं आलं. महाजनांचं आलं. मग तो म्हणाला, "सोनवणे."

गेटवाल्याने मान वर करून पाहिलं.

"सोनवणेभाई," तो परत म्हणाला.

"हजर," मागून आवाज आला. तो महाजनांचा होता. ते मनाने वाईट नव्हते. सोनवणे धुळ्याला बायकोजवळ आहेत एवढं त्यांना माहीत होतं. छोटे शेठ समोर उभे, चिठ्ठीत नाव खोटं, आता काकांचं काही खरं नाही, असं वाटून त्यांनी सवयीने ओ दिली. कामावर न येताच नुसतं नाव लावलं असेल, सोनवणेंच्या जागी कोणी आलंच नसेल, असा त्यांचा समज झाला होता. गेटवाल्याने खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. चिठ्ठी संपली.

"बधा बहार छे?" छोट्या शेठनी विचारलं.

"बधा बहार छे, साहेब."

मी काकांच्या बाजूलाच उभी होते, खांद्याला खांदा लागेल इतकी.  मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छोट्या शेठकडे बघत नव्हते. स्टेंटरच्या छपराकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. छोट्या शेठनी खिशातून फोन काढला, घरी लावला, पप्पांना सांगितलं की माणसं सगळी सुखरूप आहेत, नुकसान किती ते बघतो. मग फोन खिशात ठेवला. सायरन बंद झाला आणि पाण्याचा बंब गेटमधून आत वळला. बंबावरच्या माणसाने खाली उतरून तोच प्रश्न विचारला, आत कोणी आहे का. छोटे शेठ म्हणाले, कोणी नाही. "तो फिर छत खोलते हैं, अंदर नहीं जाते," तो आपल्या माणसांना म्हणाला आणि ते पाइप सोडवू लागले.

काकांनी माझं मनगट पकडलं. इतकं जोरात की नंतर निळं पडलं होतं.

"तो मझार शे," ते म्हणाले. तो आत आहे.

ते इतक्या हळू बोलले की मलाच ऐकू आलं असावं. मी म्हटलं, "कोण, काका?" त्यांनी मला सोडलं आणि छोट्या शेठसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. गुजराती आली नाही. हिंदी आली नाही. आणि मग हा माणूस, ज्याला मी कधी मोठ्याने हाक मारतानाही ऐकलं नव्हतं, सगळ्या मिलला ऐकू जाईल असा ओरडला, "देवरे मझार शे! तो वर शे! सोनवणे आठे नही, मी खोटं लिखेल शे!"

छोट्या शेठना कळलं नाही. पण तिथले निम्मे कामगार खान्देशातले होते, त्यांना कळलं. दोघं-तिघं ओले फडके तोंडाला बांधून धावले देखील. बंबवाला त्यांना अडवून स्वतः पुढे घुसला. काका तिथेच उभे राहून आता गुजरातीत, अडखळत, एकेक शब्द सांगत होते. "में खोटुं लख्युं छे, भाई. सोनवणेनी जग्याए देवरे छे. उपर, डक्टनी पासे. एने कोई जुए नहीं एटले एकलो उपर चढेलो." कोणी पाहू नये म्हणून देवरे गेट टाळून बॉयलरकडच्या मागच्या वाटेने आला होता आणि वरच्या अरुंद माळ्यावर एकटाच काम करत होता. तो तिथे आहे हे खाली कोणालाच माहीत नव्हतं, एका काकांना सोडून.

महाजन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी ओ दिली," ते म्हणाले. "मीच ओ दिली." त्या दिवसानंतर मी त्यांना कोणाची थट्टा करताना पाहिलं नाही.

देवरेला बाहेर आणलं तेव्हा तो जिवंत होता. शुद्धीवर नव्हता. एक हात कोपरापर्यंत भाजला होता, पण डॉक्टरांना काळजी हाताची नव्हती, छातीत गेलेल्या धुराची होती. बरेच दिवस तो दवाखान्यात होता. वाचला, पण छाती पूर्वीसारखी झाली नाही. दोन जिने चढला की भिंतीला टेकून थांबतो. सोनवणेंच्या बायकोचं ऑपरेशन त्याच सोमवारी झालं आणि नीट झालं.

सोमवारी काका वेळेवर आले. टेबल पुसलं, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. त्यांनी कशालाही हात लावला नाही. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. मी त्यांना म्हटलं, काका, तुमच्यामुळे तो वाचला. त्यांनी मान फिरवून दाराकडे पाहिलं. बोलावणं आलं तेव्हा ते उभे राहिले, शर्ट नीट खोचला आणि गेले. पोलिस आले नाहीत. तपास झालेला मिललाच नको होता. राजीनामा लिहून घेतला आणि त्याच दिवशी सोडलं. त्यांच्या जागी आता स्टाफलाही चेहरा दाखवायचं मशीन बसलं आहे. येताना दाखवा, जाताना दाखवा. तास सगळे मोजले जातात, त्यांचं मिळत अजूनही काही नाही.

काका आणि काकू बमरोलीची खोली सोडून मुलीकडे बारडोलीला राहायला गेले. मीही ती मिल सोडली. पुष्कळ दिवस त्यांची भेट नव्हती. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला बारडोलीला गेले होते, परत येताना बस स्टँडवर ते दिसले. साखर कारखाना चालू होता, हवेत मळीचा वास होता. काका सुरतेच्या बसची वाट पाहत कडेच्या बाकावर बसले होते. मला पाहून आधी दचकले, मग ओळखून हसले. केस पार पांढरे झाले होते. म्हणाले, देवरेकडे चाललोय. दर पंधरवड्याला जातो. त्याच्याबरोबर दवाखान्यात जातो, थोडं चालवतो, परत येतो.

"बरं वाटत असेल त्याला, तुम्ही येता ते," मी म्हटलं.

"हो. फार मानतो तो मला. त्याची आई माझ्या पाया पडते."  मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "वैशालीताई, तुम्ही त्याला कधी काही सांगितलं नाहीत ना?"

"काय सांगितलं नाही?"

"त्या दिवशी मी किती वेळ गप्प उभा होतो ते. तुम्ही माझ्या शेजारीच होतात."

 मला तो फोन आठवला, छोट्या शेठनी घरी केलेला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मला बंब आत वळताना आठवला.

"तुम्ही लगेच बोललात, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "नाही, ताई. लगेच नाही." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, पगारातली चूक दाखवताना म्हणत असत तसं. "डॉक्टर म्हणतात, थोडं आधी काढला असता तर छाती वाचली असती. त्याला वाटतं मी धावत जाऊन सांगितलं. मी तर नोकरीचा विचार करत होतो. त्याला वर धूर लागतोय हे माहीत असून मी नोकरीचा विचार करत होतो. आज सांगणार आहे त्याला. दर वेळी ठरवतो आणि तसाच परत येतो. आज सांगणार."

बस लागली. मी त्यांची पिशवी वर दिली. ते खिडकीपाशी बसले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. बस जवळपास रिकामी होती आणि अगदी हळू मागे सरकत होती. काकांनी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.